वाचनाची गोडी का लागत नाही?

मुलांना वाचनाची गोडी नाही, ही तक्रार शिक्षकांच्या कुठल्याही बैठकीत ऐकायला मिळते. तिच्या मागोमाग येणारे उपायही ठरलेले असतात. मोबाइल काढून घ्यावा, वाचनस्पर्धा घ्यावी, महिन्यात सर्वांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस द्यावं, थोरामोठ्यांची वचनं फळ्यावर लिहावीत. आपल्या राज्यात २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलामांच्या जन्मदिवशी, वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. हे सगळं चांगल्या हेतूनंच चालतं. पण त्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. मुलाला वाचता येतं, त्याला फक्त वाचावंसं वाटत नाही, असं आपण धरून चालतो.

हे कितपत बरोबर आहे? ‘असर’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या देशव्यापी सर्वेक्षणात ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा एक छोटा उतारा वाचायला देतात. २०१८ साली पाचवीतल्या दर १०० मुलांपैकी सुमारे ५० मुलांना तो वाचता आला. करोनाच्या काळात शाळा बंद राहिल्या, त्यानंतर २०२२ साली हा आकडा ४३ वर आला होता. म्हणजे पाचवीच्या वर्गात आपण गोडीबद्दल बोलत असतो तेव्हा समोरच्या निम्म्या मुलांचा प्रश्न वेगळाच असू शकतो. ज्यांना तो उतारा वाचता आला, त्यांतलीही कितीतरी मुलं अडखळत, कष्टानं वाचतात. वाचता येणं आणि सहज वाचता येणं यांत बरंच अंतर आहे, आणि गोडीचं कोडं मला या अंतरात सापडतं.

माझं स्वतःचं संशोधन रसायनशास्त्रातलं. पण वाचताना डोळ्यांचं आणि मेंदूचं काय चालतं यावर गेल्या शंभराहून अधिक वर्षांत जे काम झालं, ते मी हौसेनं वाचत आलो आहे. त्यातला वर्गात उपयोगी पडेल असा भाग इथे मांडतो.

मासिक उलटं धरून पाहा

आधी एक प्रयोग करा. या अंकातलं न वाचलेलं एखादं पान उघडा, अंक उलटा धरा, म्हणजे पानाची वरची बाजू खाली येऊ द्या, आणि एक परिच्छेद मोठ्यानं वाचा. मग अंक मिटून शेजारच्या सहकाऱ्याला त्यात काय होतं ते सांगा.

बहुतेकांचं काय होतं? बोट आपोआप ओळीवर जातं. आवाज एकसुरी होतो. मध्येच एखादा शब्द अंदाजानं ठोकून दिला जातो. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते, म्हणून पुन्हा मागे जावं लागतं. आणखी दहा पानं याच पद्धतीनं वाचायची इच्छा कितपत उरली आहे, तेही तपासून पाहा.

तुमची बुद्धी, तुमचा शब्दसंग्रह, तुमची वाचनाची आवड यांत काहीच फरक पडलेला नाही. फक्त अक्षर ओळखणं महाग झालं. तेवढ्यानं उलगडा, लय आणि मजा हे सगळं गेलं. तिसरी-चौथीतल्या अनेक मुलांचं रोजचं वाचन असं उलट्या पानासारखं असतं.

याचं गणितही मांडता येतं. मिनिटाला २० शब्द वाचणाऱ्या मुलाला १२ शब्दांचं वाक्य वाचायला ३६ सेकंद लागतात. आता, नुकतीच कानावर पडलेली गोष्ट मनात किती वेळ टिकते? अमेरिकेत पीटरसन दांपत्यानं १९५९ साली एक साधा प्रयोग केला होता. माणसाला तीन अक्षरं ऐकवायची आणि लगेच एका मोठ्या संख्येतून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावायचं, म्हणजे अक्षरं मनात घोळवायला सवड मिळत नाही. १८ सेकंदांनंतर ती अक्षरं बरोबर सांगता येण्याचं प्रमाण जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास उरलं. अर्थपूर्ण वाक्यातले शब्द सुट्या अक्षरांपेक्षा जास्त टिकतात हे खरं. पण अक्षरं लावत बसलेलं मूलही एका परीनं उलटी मोजणीच करत असतं. ३६ सेकंदांनी ते वाक्याच्या क्रियापदाशी पोचतं तेव्हा कर्ता कोण होता हे त्याच्या हातून निसटलेलं असतं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, हेही लक्षात घ्या.

जे ओळखायला लक्ष द्यावं लागत नाही, तेवढंच मनाला अर्थासाठी मोकळं सोडतं. सायकल शिकताना तोल सांभाळण्यात गुंतलेल्या मुलाला रस्त्याकडेची झाडं दिसत नाहीत, तसंच हे. डेव्हिड लाबर्ज आणि जे सॅम्युएल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली वाचनाच्या बाबतीत हा विचार नेमकेपणानं मांडला. शब्द ओळखणं आपोआप व्हायला लागलं की लक्ष अर्थाकडे वळतं, असं त्यांचं सूत्र.

डोळ्यांच्या उड्या

वाचताना आपली नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहते असं आपल्याला वाटतं. तसं नसतं, हे एमिल झावाल या फ्रेंच नेत्रवैद्यानं १८७९ च्या सुमारास दाखवून दिलं. नजर उड्या मारते आणि दोन उड्यांच्या मध्ये साधारण पाव सेकंद थांबते. अक्षरं दिसतात ती या थांब्यांवर. उडीच्या वेळी जवळजवळ काहीच टिपलं जात नाही.

हे वर्गात पाहता येतं. छापील कागदाच्या मधोमध पेन्सिलीनं एक भोक पाडा. एका विद्यार्थ्यानं तो कागद समोर धरून मजकूर वाचायचा आणि दुसऱ्यानं पलीकडून भोकातून त्याच्या डोळ्यांकडे पाहायचं. एका ओळीला नजर किती वेळा थांबते ते मोजा. मग अस्खलित वाचणारा आणि अडखळणारा असे दोन विद्यार्थी घेऊन तुलना करा. अडखळणाऱ्याचे थांबे जास्त, लांब, आणि नजर मागे वळण्याचे प्रसंगही जास्त. (त्या विद्यार्थ्याला हे सगळ्यांसमोर ऐकवू नका. नववी-दहावीच्या मुलांना स्वतःवर, एकदा मराठी आणि एकदा इंग्रजी मजकूर घेऊन, हा प्रयोग करता येईल. इंग्रजीच्या वेळी थांबे किती वाढतात ते त्यांचं त्यांनाच कळेल.)

बोलणं मूल आपोआप शिकतं, वाचणं शिकवावं लागतं. लेखनाचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षं झाली. इतक्या थोड्या काळात वाचनासाठी म्हणून मेंदूत वेगळा भाग उत्क्रांत होणं शक्य नाही. फ्रान्समधले स्टॅनिस्लास डहान आणि लोराँ कोएन यांच्या कामातून असं दिसतं, की चेहरे, वस्तू ओळखणाऱ्या भागांच्या शेजारचा, मेंदूच्या डाव्या बाजूचा एक ठरावीक पट्टा वाचन शिकता शिकता अक्षरांच्या कामाला जुंपला जातो. प्रौढपणी साक्षर झालेल्यांतही हा बदल आढळतो. ही जुंपणी सरावानं होते, उपदेशानं होत नाही. शेकडो वेळा डोळ्यांखालून गेलेला शब्द त्या पट्ट्याला एका नजरेत ओळखू येतो.

आपल्या लिपीचं काय?

देवनागरीबद्दल आपण एक वाक्य नेहमी ऐकतो, की जसं लिहितो तसं वाचतो, म्हणून ती सोपी. यात तथ्य आहे. इंग्रजी स्पेलिंगचा गोंधळ आपल्याकडे नाही. पण ‘नियमित’ म्हणजे ‘सोपी’ असं म्हणणं घाईचं होईल.

‘किती’ हा शब्द पाहा. पहिली वेलांटी क च्या आधी लिहिलेली आहे, उच्चार मात्र क च्या नंतर. दुसरी वेलांटी त च्या नंतर लिहिलेली आणि उच्चारही नंतर. आता ‘कीर्ती’. यातला र उच्चारात त च्या आधी येतो, पण लिहिला जातो त च्या डोक्यावर, तोही वेलांटीला खेटून. ‘प्रकाश’मधला र प च्या पोटात, ‘ट्रक’मधला ट च्या पायाशी, ‘वाऱ्या’मधला एका आडव्या फराट्यासारखा. एका र ची ही रूपं. मूल ओळीवर डावीकडून उजवीकडे चाललेलं असतं, आणि त्याच वेळी त्याला वर, खाली, मागे पाहावं लागतं. चौतीस व्यंजनांची बाराखडी म्हणजेच ४०८ आकृत्या, जोडाक्षरं वेगळी. नियम कळला की त्या सुट्या पाठ कराव्या लागत नाहीत. पण नियम कळणं आणि आकृती क्षणात ओळखता येणं यांत महिने, वर्षं जातात. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. त्यात अक्षरं पक्की होण्याचं काम चौथीपर्यंत आणि पुढेही चालू असलेलं दिसतं. कन्नड लिपीची घडण आपल्यासारखीच आहे. पहिलीत मुळाक्षरं, दुसरीत जोडाक्षरं आणि तिसरीत ‘आता वाचा’ हे वेळापत्रक त्यामुळे फार घाईचं ठरतं.

आणखी एक गंमत. आपण ‘करवत’ लिहितो आणि ‘कर्वत्’ म्हणतो. र मधला आणि त मधला अ गळून जातो. कुठला अ गळतो याचा नियम पाठ्यपुस्तकात कुणी सांगत नाही. मूल ‘क-र-व-त’ असं चार समान ठोक्यांत वाचतं आणि थबकतं. त्यानं सुतारकाम पाहिलेलं असेल, करवत हा शब्द ऐकलेला असेल, तर त्याचा चेहरा उजळतो आणि ठोके जुळून शब्द तयार होतो. ऐकलेला नसेल तर ते चार ठोके चारच राहतात. हेच ‘च’ आणि ‘ज’चं. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च एकाच अक्षरानं लिहितात. कुठला म्हणायचा हे कान सांगतो, अक्षर सांगत नाही.

म्हणजे आपल्याकडे वाचन शिकणाऱ्या मुलाला आधी कान तयार असावा लागतो. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली हे एका गुणाकारात बसवलं. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकून समजण्याची क्षमता. बेरीज न घेता गुणाकार घेतला, यात खोच आहे. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. नेपाळी वर्तमानपत्र हातात घ्या. लिपी देवनागरी, त्यामुळे तुम्ही ते खडखडीत वाचून दाखवाल, पण कळणार फारसं नाही. मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोलीतल्या गोंडी बोलणाऱ्या मुलासमोर पहिलीत आपलं मराठी पुस्तक ठेवलं जातं तेव्हा त्याची स्थिती अशी असते, आणि त्याला तर अजून लिपीही यायची असते. प्रमाण मराठीपासून दूरची बोली घरी बोलणाऱ्या मुलांनाही याची झळ कमी-अधिक लागते.

शाळेत काय घडतं

आता आपल्या वर्गाकडे येऊ. भाषेच्या तासिकेत प्रकट वाचन असतं. एकेकानं उभं राहून थोडं थोडं वाचायचं. ३५ मिनिटांची तासिका, ४० मुलं. प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटसुद्धा येत नाही, उरलेला वेळ स्वतःची ओळ कधी येणार याची धास्ती. जो अडखळतो त्याला सगळे हसतात आणि ‘बस खाली’ ऐकावं लागतं. वाचनाचा सर्वांत जास्त सराव ज्याला हवा त्याला सर्वांत कमी मिळतो.

दोन मुलं घेऊ. एक मिनिटाला ८० शब्द वाचतं, दुसरं २०. दोघांना रोज १५ मिनिटं दिली. पहिलं १२०० शब्द वाचेल. दुसऱ्यानं १५ मिनिटं वाचलं तर ३०० होतील, पण ते पाच मिनिटांत कंटाळून पुस्तक मिटणार, म्हणजे १००. शाळेचे २०० दिवस धरले तर पहिल्याच्या डोळ्यांखालून वर्षाला २,४०,००० शब्द गेले, दुसऱ्याच्या २०,०००. पुढच्या वर्षी पहिल्याचा वेग आणखी वाढलेला असतो. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली या वाढत जाणाऱ्या दरीकडे लक्ष वेधलं. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखाच हा हिशोब चालतो. चौथी-पाचवीनंतर तर भूगोल आणि विज्ञानही वाचूनच शिकायचं असतं, म्हणून ही दरी भाषेच्या विषयापुरती उरत नाही. सातवीत ‘याला विज्ञान जमत नाही’ असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, त्याला कदाचित प्रयोग उत्तम जमत असतो आणि प्रयोगाची कृती वाचता येत नसते.

यावर उपाय काय? भरपूर, सोपं, आवडीचं वाचन. यातला ‘सोपं’ हा शब्द आपल्याला रुचत नाही. पाचवीच्या मुलानं दुसरीचं पुस्तक घेतलं की आपण ‘हे लहान मुलांचं आहे, ठेव’ म्हणतो. खरं तर त्याच्या पट्ट्याला तेच हवं असतं. मूल एकच गोष्ट पाचव्यांदा वाचतं तेव्हा मोठ्यांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. पण सॅम्युएल्स यांनीच १९७९ साली तोच छोटा उतारा पुन्हा पुन्हा वाचायला देण्याची पद्धत सुचवली. वाचणारा त्या उताऱ्यात सहज होतो, आणि नंतरच्या नव्या उताऱ्याचं पहिलं वाचनही थोडं वेगानं होतं, असं त्यांना आढळलं.

मुलांना आधीच तोंडपाठ असलेला मजकूर तर यासाठी सोन्यासारखा. भोंडल्याची गाणी, बडबडगीतं, शाळेची प्रार्थना, सिनेमातली गाणी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि काठी फिरवत सगळ्यांनी म्हणा. कानाला शब्द आधीच ठाऊक असतो, डोळा त्याची आकृती शोधून काढतो. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतले ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून दूरचित्रवाणीवरच्या चित्रपटगीतांखाली त्याच भाषेत शब्द दाखवण्याचं काम चालवलं, त्यामागचं तत्त्व हेच.

कान तयार करण्यासाठी मात्र शिक्षकानं वाचून दाखवण्याला पर्याय नाही. प्राथमिक शाळेतलं मूल स्वतः वाचू शकतं त्यापेक्षा कितीतरी अवघड गोष्ट ऐकून समजू शकतं. रोज दहा मिनिटं, तासिकेच्या शेवटी, एखादं लांब पुस्तक थोडं थोडं वाचा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चालेल, ‘किशोर’च्या जुन्या अंकातली साहसकथा चालेल. ऐन रंगात आलं की थांबा. पुस्तक टेबलावर तसंच राहू द्या. मधल्या सुट्टीत ते कोण उघडून पाहतं हे लांबून बघण्यात गंमत आहे. वाचून झाल्यावर ‘या गोष्टीचं तात्पर्य काय?’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका. नाटक पाहून बाहेर पडल्यावर आपल्याला कुणी दारात अडवून प्रश्नपत्रिका दिली तर आपण पुढच्या खेळाला जाऊ का?

बक्षिसांबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण ती आपल्याकडे फार लाडकी आहेत. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. बालवाडीतली, चित्रं काढायला आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता नंतर तेच प्रशस्तिपत्र दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात रंगीत पेनं समोर ठेवली, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेल्या मुलांनी बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रात घालवला. जे स्वतःहून आवडत होतं ते मोबदल्याचं काम झालं. ज्या मुलाला वाचन मुळीच आवडत नाही त्याला हे तसंच्या तसं लागू होईल असं नाही, कारण गमावण्यासारखं त्याच्यापाशी फार काही नसतं. पण ज्यांना गोडी लागली आहे त्यांची ती ‘महिन्याचा उत्तम वाचक’ असल्या पाट्यांनी कमी करण्याचा धोका कशाला पत्करायचा?

त्यापेक्षा मुलाला कशाची माहिती आहे ते शोधा. अमेरिकेत १९८८ साली सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला देऊन पाहिलं. वाचनात कच्ची पण खेळाची जाणकार मुलं, वाचनात पक्की पण खेळाबद्दल अज्ञानी असलेल्या मुलांपेक्षा पुढे गेली. आपल्याकडे हे कबड्डी, बैलजोडी, ट्रॅक्टर, मासेमारी, साप यांच्या बाबतीत होईल. वाचायला ‘साहित्य’च हवं असंही नाही. बियाण्याच्या पाकिटावरची माहिती, सामन्याचा वृत्तांत, पिढ्यान् पिढ्या न सुटलेली कोडी हेही वाचनच.

कपाटाची किल्ली

हे सगळं बहुतेक वेळा एका कुलपाशी येऊन अडतं. शाळेत गोष्टींची पुस्तकं असतात, पण कपाटात. कारण ती रजिस्टरला चढलेली आहेत, तपासणीत एखादं कमी भरलं तर जबाबदारी शिक्षकावर येते. ही भीती खरी आहे, तिला हसून चालणार नाही. पण पुस्तक ही वापरून झिजणारी वस्तू आहे. प्रयोगशाळेतली परीक्षानळी फुटते तेव्हा आपण ती फुटल्याची नोंद करतो. फुटेल म्हणून प्रयोग थांबवत नाही. फाटलेल्या पुस्तकांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव दर वर्षी मुख्याध्यापकांकडून रीतसर पाठवता येतो. तो पाठवण्याची सवय लावून घेतली तर कपाट उघडं ठेवणं सोपं जाईल. वर्गात दोन खिळ्यांना सुतळी बांधून पुस्तकं मधून उघडून टांगली, मुखपृष्ठं दिसतील अशी, तरी पुरे. नोंद ठेवायला एक वही आणि एक सहावीतला विद्यार्थी.

निर्लेखनाची यादी करताना कुठली पुस्तकं सर्वांत आधी फाटली, कुणाची पानं मळली, कुणाचा कणा निखळला, हे नीट पाहून वेगळं टिपून ठेवा. पुढच्या वर्षी शाळा अनुदानातून पुस्तकं घ्यायची वेळ येईल तेव्हा दुकानदारानं दिलेल्या यादीच्या शेजारी ही यादी ठेवायची आहे.